लिनक्सवर घरी रेकॉर्डिंग: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

तुम्ही विचारलंय की लॅपटॉपवर फक्त लिनक्स आहे, विंडोज परत टाकायचं नाहीये, घरी आवाज आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायचीय, पुढेमागे पॉडकास्टचाही विचार आहे, बजेट तंग आहे, तर कुठलं सामान घ्यायचं आणि ड्रायव्हरची भानगड किती होईल. मी बरीच वर्षं लिनक्सवरच रेकॉर्डिंग करतो, माझंही आणि इतरांचंही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक भीती घालवतो. या सगळ्या सामानात लिनक्सचा संबंध फक्त एका डबीशी येतो, ती म्हणजे ऑडिओ इंटरफेस, माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून यूएसबीतून आत पाठवणारी डबी. माइक, वायर, हेडफोन, स्टँड आणि तुमची खोली, यातल्या कशालाच तुमची ऑपरेटिंग सिस्टीम कुठली याच्याशी घेणंदेणं नाही. म्हणजे लिनक्सचा विचार करायचा तो इंटरफेस निवडताना, आणि तोही अर्धा तास. बाकीचा सगळा वेळ आणि बहुतेक पैसा माइक, हेडफोन आणि खोलीवर गेला पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात, महिनाभर इंटरफेसचे रिव्ह्यू बघत बसतात आणि मग उरलेल्या पैशात जो मिळेल तो माइक घेऊन टाइल्स लावलेल्या रिकाम्या खोलीत गातात.

तर इंटरफेस. एकच शब्द लक्षात ठेवा, क्लास कंप्लायंट. यूएसबी ऑडिओसाठी एक ठरलेलं स्टँडर्ड आहे, त्याची पहिली आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती अशा दोन सध्या चालतात, आणि जो इंटरफेस हे स्टँडर्ड पाळतो त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, अल्साचा (लिनक्सची मूळ ऑडिओ यंत्रणा) यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर आधीपासूनच असतो, डबी लावली की दिसते. दुसऱ्या आवृत्तीचा सपोर्टही कर्नलमध्ये २०१० पासून आहे, त्यामुळे आजच्या कुठल्याही डिस्ट्रोवर (उबुंटू, फेडोरा वगैरे) त्याची चिंता नको. आता कंपन्या डब्यावर लिनक्स असं कधीच लिहीत नाहीत. मग ओळखायचं कसं, तर आयपॅडवर चालतो का ते बघा. आयपॅडवर कंपनीचा ड्रायव्हर टाकायची सोय वर्षानुवर्षं नव्हतीच, त्यामुळे जो आयपॅडवर नुसता लावून चालतो तो क्लास कंप्लायंट असतो आणि जवळपास नेहमीच लिनक्सवरही चालतो. काही इंटरफेसला मागे सीसी मोड नावाचा स्विच असतो, स्टाइनबर्गच्या यूआर सिरीजमधल्या काही मॉडेलमध्ये आहे, तो चालू केला की डबी क्लास कंप्लायंट होते. हा स्विच न बघता लिनक्सवर चालत नाही म्हणून विकून टाकणारे लोक आहेत, सेकंडहँड घेणाऱ्याची चांदी.

पण नुसतं क्लास कंप्लायंट असून भागत नाही, दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. डबीच्या तोंडावर सगळे कंट्रोल हवेत. गेनचा (माइकचा आवाज किती चढवायचा त्याचा) नॉब, फँटम पॉवरचं (कंडेन्सर माइकला वायरीतून ४८ व्होल्ट देणारं) बटण, इन्स्ट्रुमेंट आणि लाइनचा स्विच, डायरेक्ट मॉनिटर (स्वतःचा आवाज सरळ हेडफोनमध्ये ऐकायची सोय), हेडफोनचा आवाज, हे सगळं हाताने फिरवता आलं पाहिजे. कारण बऱ्याच डब्यांमध्ये आत एक मिक्सर असतो आणि तो चालवायचं सॉफ्टवेअर कंपनी फक्त विंडोज आणि मॅकसाठी देते. आवाज येईल जाईल, पण फँटम चालू करायचं बटण त्या सॉफ्टवेअरमध्येच असेल तर तुम्ही अडकलात. त्यामुळे जेवढे चॅनल कमी आणि नॉब जास्त तेवढं लिनक्सवाल्याला बरं. दोन इनपुटवाल्या स्वस्त डब्या बहुतेक अशाच असतात, हे आपलं नशीब. उलट टोकाला युनिव्हर्सल ऑडिओचा अपोलो आहे, भारी गोष्ट आहे पण विंडोज आणि मॅकसाठीच आहे, तिकडे बघूच नका. त्याच कंपनीची व्होल्ट सिरीज मात्र क्लास कंप्लायंट आहे.

आता नावं घेतो. सगळ्यात खालच्या पायरीला बेहरिंगरचे यूएम२ आणि यूएमसी२२, लावले की चालतात, पण १६ बिट ४८ किलोहर्ट्झवर अडकलेले आहेत. १६ बिट वाईट नसतं, सीडीसुद्धा १६ बिटच असते, पण रेकॉर्ड करताना २४ बिटचा फायदा असा की लेव्हल कमी ठेवून निवांत राहता येतं, त्यावर पुढे बोलतो. जरा वर गेलात की यूएमसी२०२एचडी, २४ बिट, दोन माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग), दोन्हीवर फँटम, पुढे सगळे नॉब, लिनक्सवर कसलीच कटकट नाही. तंग बजेटवाल्याला मी बहुतेक वेळा हाच सांगतो. दिसायला साधा आहे, नॉब जरा हलके वाटतात, पण काम करतो. यूएमसी२०४एचडीमध्ये मिडी (कीबोर्ड वगैरे जोडायचा पोर्ट) आणि डायरेक्ट मॉनिटरचा मिक्स नॉब जास्तीचा मिळतो, फरक थोडाच असेल तर तो घ्या कारण तो मिक्स नॉब रोज वापरला जातो.

फोकसराइटच्या स्कार्लेटबद्दल वेगळं सांगावं लागेल कारण त्याच्याबद्दल जुनी नवी माहिती एकत्र झालीय. सोलो आणि २आय२ च्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये सॉफ्टवेअरचे कंट्रोलच नाहीत, सगळं बटणांवर, त्यामुळे प्रश्नच नाही. मोठ्या मॉडेलमध्ये आतला मिक्सर आहे, आणि दुसऱ्या पिढीपासूनच्या मॉडेलसाठी जेफ्री बेनेट या माणसाने कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहिला, तो ५.४ पासून कर्नलमध्ये आहे पण आधी तो हाताने चालू करावा लागायचा, ६.७ पासून आपोआप चालू असतो. त्याच्याच अल्सा स्कार्लेट जीयूआय नावाच्या प्रोग्रॅममधून राउटिंग (कुठला आवाज कुठे जाणार), गेन, एअर मोड (वरच्या सुरांना उठाव देणारा), सगळं करता येतं. म्हणजे विंडोजवाल्याला जे मिळतं त्यातलं जवळपास सगळं. चौथी पिढी घेणार असाल तर कर्नल नवा ठेवा, जुन्या एलटीएसवर (वर्षानुवर्षं तीच ठेवायची स्थिर आवृत्ती) बसून तक्रार करू नका. आणि तिसऱ्या पिढीचा नवाकोरा पीस कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखा दिसला तर घाबरू नका, तो नवख्यांसाठी ठेवलेला मोड आहे, त्याच प्रोग्रॅममधून बंद करता येतो.

याच्या वर मोटू एम२, ऑडियंट इव्हो ४, एसएसएल २ वगैरे आहेत, सगळे क्लास कंप्लायंट, मोटूची लेटन्सी (आवाज आत जाऊन बाहेर यायला लागणारा उशीर) आणि हेडफोन आउट दोन्ही छान आहेत. पण तुमचं बजेट तंग आहे असं तुम्हीच म्हणताय तर हा फरक तुमच्या पहिल्या वर्षभराच्या रेकॉर्डिंगमध्ये कोणालाही ऐकू येणार नाही. ते पैसे माइक आणि खोलीसाठी ठेवा. १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकडेही डब्यावरच राहू द्या. ४८ किलोहर्ट्झला २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो, माणसाचा कान २० च्या वर जात नाही, वय वाढलं की आणखी खाली येतो.

एक गोष्ट किमतीत धरू नका, ती म्हणजे सोबत फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की इतक्या किमतीचे प्लगिन (आवाजावर इफेक्ट लावणारे जोडप्रोग्रॅम) मोफत, एबलटन लाइव्ह लाइट हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर मोफत. एबलटनची लिनक्स आवृत्ती नाही, आणि त्या प्लगिनपैकी बरेच आयलॉक नावाच्या लायसन्स तपासणीवर चालतात जी लिनक्सवर नाही. म्हणजे ते तुमच्यासाठी शून्य. दोन इंटरफेसची तुलना करताना नुसती डबी बघा.

यूएसबी माइकबद्दल लोक हमखास विचारतात, इंटरफेस कशाला, सरळ यूएसबी माइक घेऊ. फक्त पॉडकास्ट आणि तोही एकट्याने करायचा असेल तर खुशाल घ्या, जवळपास सगळे क्लास कंप्लायंट असतात आणि लिनक्सवर लावले की चालतात. पण तुम्हाला गिटारही करायचीय, उद्या समोर पाहुणा बसवायचाय. दोन यूएसबी माइक एका कॉम्प्युटरला लावले की दोन्हींची घड्याळं वेगळी असतात, म्हणजे एकाचं ४८००० खरंच ४८००० असेल तर दुसऱ्याचं ४८००२ असू शकतं, आणि तासाभराच्या गप्पांमध्ये दोघांचे आवाज एकमेकांपासून सरकत जातात. पाइपवायर (लिनक्समधली आवाज सांभाळणारी यंत्रणा) आत रिसॅम्पल करून, म्हणजे दोन्हींचा वेग जुळवून, हे सांभाळतं, पण मुळात दोन इनपुटची एकच डबी असली की हा प्रश्न उद्भवतच नाही. अगदीच द्विधा असेल तर सॅमसन क्यू२यू सारखा माइक बघा, त्याला यूएसबी आणि एक्सएलआर (माइकचा नेहमीचा तीन पिनांचा जोड) दोन्ही आहे, आज सरळ लॅपटॉपला लावा, उद्या इंटरफेस घेतला की त्याला लावा, पैसे वाया जात नाहीत.

लॅपटॉपच्या ३.५ एमएमच्या भोकात एक्सएलआर माइक कन्व्हर्टर वायर लावून घालायचा उद्योग करू नका. तिथे मिळणारी पॉवर दोनतीन व्होल्टची, छोट्या कॉलर माइकसाठी असते, ती ४८ व्होल्टची फँटम नव्हे, आणि तिथला प्रीअँप एवढा खराब असतो की गाण्यापेक्षा लॅपटॉपचीच सुरसुर जास्त ऐकू येते.

आता माइक, हा खरा विषय. डायनॅमिक (दणकट, फँटम न लागणारा) घ्यायचा की कंडेन्सर (जास्त संवेदनशील, फँटम लागणारा). इंटरनेटवर सगळे म्हणतात की घरी डायनॅमिक घ्या कारण तो खोली उचलत नाही. हे अर्धंच खरं आहे. डायनॅमिक माइकमध्ये खोलीचा आवाज गाळायची काही जादू नसते, फक्त तो कमी संवेदनशील असल्यामुळे तुम्ही तोंड जवळ नेता, आणि जवळ गेल्यामुळे तुमचा आवाज खोलीपेक्षा खूप मोठा होतो. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीत घुमणारा आवाज तेवढाच राहतो. सगळा खेळ अंतराचा आहे. कंडेन्सरही १० सेंटीमीटरवर धरून गायलात तर खोली कमीच येईल, फक्त लोक तो हातभर लांब टेबलावर ठेवून बोलतात आणि मग माइकला शिव्या घालतात.

तरीही तुमच्यासाठी माझं मत असं. गाणं आणि बोलणं हेच मुख्य असेल, खोली उघडी असेल, रस्त्याचा आवाज येत असेल, तर डायनॅमिक. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक आहे, पडला आपटला तरी चालतो, आणि सेकंडहँडमध्ये मिळतो, फक्त नकली खूप आहेत ते जपून. त्याहून स्वस्त बेहरिंगरचा एक्सएम८५००, किमतीच्या मानाने लाज वाटेल एवढा चांगला. गिटार जास्त महत्त्वाची असेल तर मात्र कंडेन्सर, कारण अकूस्टिक गिटारच्या तारांची वरची चमक डायनॅमिकमध्ये बोथट होते आणि गिटारचा आवाजही लहान, मग गेन खूप चढवावा लागतो. ऑडिओ टेक्निकाचा एटी२०२० हा सुरुवातीचा नेहमीचा पर्याय. गिटारला माइक भोकाच्या समोर ठेवू नका, नुसता घुमघुमाट येतो, मान जिथे बॉडीला मिळते साधारण १२ व्या फ्रेटच्या समोर, वीस ते तीस सेंटीमीटरवर ठेवा आणि हेडफोन घालून थोडा थोडा हलवत ऐका. दोन बोटं इकडे तिकडे केल्याने जो फरक पडतो तो माइक बदलूनही पडत नाही.

व्हिडिओत बघून एसएम७बी घ्यायची इच्छा होईल, ती दाबा. त्याला निदान ६० डेसिबल गेन लागतो असं शुअर स्वतःच सांगतं, स्वस्त इंटरफेसचा गेन तिथे संपायला येतो, नॉब टोकाला जातो आणि मागे सूं आवाज चढतो. मग लोक वेगळा बूस्टर घेतात, म्हणजे माइक महाग, त्याला बूस्टर, आणि हे सगळं त्याच घुमणाऱ्या खोलीत. तुलनेसाठी, एटी२०२० त्याच आवाजाला दहा पटीहून जास्त व्होल्टेज देतो, त्याला प्रीअँप कसलाही चालतो.

खोलीसाठी फोम विकत घेऊ नका, पातळ फोम फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातो आणि खोली आणखी कोंदट वाटते. अंड्यांचे ट्रे तर काहीच करत नाहीत. जाड गाद्या, रजया, ब्लँकेट, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांचं शेल्फ हे घरात असतंच. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन बाजूंना जाड रजया टांगा, समोर नव्हे तर मागे, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माइकचं तोंड तुमच्याकडे असतं म्हणजे तो तुमच्या मागची भिंत ऐकतो. आणि त्याची पाठ जिकडे असते तिकडून त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून लॅपटॉप बरोबर माइकच्या पाठीमागे ठेवा, फॅनचा आवाज बराच पडतो. माइकचा स्टँड आणि लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवू नका, टाइप केलेलं सगळं धबधब ऐकू येतं.

हेडफोन बंद कपाचे घ्या, ओपन बॅक नको, नाहीतर तालासाठी लावलेल्या क्लिकचा आवाज माइकमध्ये जातो आणि मग तो निघत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ टेक्निकाचे एम२० आणि एम४० असे बरेच आहेत, सगळे वायरचे. ब्लूटूथ इथे अजिबात नाही, त्यात शंभर दोनशे मिलीसेकंदाचा उशीर असतो, तुम्ही गाल आणि दुसऱ्याच मात्रेवर ऐकाल. शिवाय ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की ऐकायची क्वालिटीही फोन कॉलसारखी होते. मॉनिटर स्पीकर पहिल्या वर्षी घेऊ नका, खोली नीट नसताना स्पीकर खोटं बोलतात.

आता लिनक्सची बाजू थोडी, म्हणजे डबी घरी आल्यावर काय. तुमचा डिस्ट्रो गेल्या दोनतीन वर्षांतला असेल तर आत पाइपवायर असणारच, फेडोराने ३४ मध्ये आणलं, उबुंटूने २२.१० मध्ये. पूर्वी पल्सऑडिओ आणि जॅक या दोन जुन्या ऑडिओ यंत्रणांची मारामारी असायची, आता पाइपवायर दोन्हींचं काम करतं, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचे लेख वाचून जॅक कॉन्फिगर करत बसू नका. आर्डोर किंवा रीपर असं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडा, आवाज येईल. आर्डोरमध्ये थेट अल्सा निवडायचीही सोय आहे, फक्त रेकॉर्डिंगच करायचंय आणि मध्ये ब्राउजर वगैरे नको असेल तेव्हा मी तेच करतो, मधला एक थर कमी होतो.

पहिल्याच दिवशी तुम्हाला एक गोष्ट हमखास दिसेल, आवाज फक्त डाव्या कानात. डबी खराब नाहीये. दोन इनपुटची डबी कॉम्प्युटरला एक स्टिरिओ इनपुट म्हणून दिसते, माइक पहिल्या भोकात आहे म्हणजे तो डावा चॅनल. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो ट्रॅक घ्या आणि त्याला फक्त पहिला इनपुट जोडा, झालं. मीटिंगसाठी किंवा ओबीएससाठी (व्हिडिओ रेकॉर्डिंग आणि लाइव्हचं सॉफ्टवेअर) हाच त्रास होतो, ओबीएसमध्ये त्या माइकला मोनोचा टिक आहे. आणि चार चॅनलची डबी घेतलीत आणि दोनच दिसत असतील तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये प्रो ऑडिओ प्रोफाइल निवडा, सगळे चॅनल सुटे सुटे दिसतात. कशाला काय जोडलंय हे बघायला क्यूपीडब्ल्यूग्राफ टाकून ठेवा, वायरी डोळ्यांनी दिसतात.

लेटन्सीचं फार डोक्यात घेऊ नका. हिशोब सोपा आहे, ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एकावेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलीसेकंद, २५६ चा ५.३, १०२४ चा २१. हे एका बाजूचं, येताना आणि जाताना मिळून दुप्पट आणि वर यूएसबीचं थोडं. हवेतून आवाज मीटरला तीन मिलीसेकंद घेतो, म्हणजे १० मिलीसेकंदाची लेटन्सी म्हणजे अँप तीनेक मीटर लांब ठेवून वाजवण्यासारखं, बहुतेकांना जाणवतही नाही. आणि आवाज किंवा अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना तर डबीवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो, लेटन्सी जवळपास शून्य, बफर १०२४ ठेवला तरी चालतं. फक्त तेव्हा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येऊन पत्र्याच्या डब्यात गातोय असं वाटतं. कमी बफर खरंच लागतो तो सॉफ्टवेअरमधला अँप वापरून इलेक्ट्रिक गिटार वाजवताना, गिटारिक्स वगैरे, किंवा मिडी कीबोर्डवर पियानो वाजवताना. तुम्हाला सध्या दोन्ही नाही.

तरी कधी टकटक, कटकट असे आवाज आले, ज्याला एक्सरन म्हणतात, तर आधी साध्या गोष्टी बघा. डबी हबमधून नको, थेट लॅपटॉपला. सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर. वायफाय बंद करून बघा, काही कार्ड खरंच व्यत्यय आणतात. मग तुमचा यूजर ऑडिओ ग्रुपमध्ये घालून त्या ग्रुपला रिअलटाइम प्रायॉरिटी आणि मेमरी लॉकची परवानगी द्या, बऱ्याच डिस्ट्रोमध्ये याचं तयार पॅकेज असतं. आरटीसीक्यूएस नावाची एक छोटी स्क्रिप्ट आहे, ती सगळं तपासून काय राहिलंय ते सांगते. खास रिअलटाइम कर्नल टाकायची गरज घरच्या कामाला पडत नाही, साध्या कर्नलला बूट करताना प्रीएम्प्ट फुल दिलं तरी पुष्कळ होतं, आणि हौसच असेल तर रिअलटाइमचे पॅच ६.१२ पासून मूळ कर्नलमध्येच आलेत.

नवा लॅपटॉप घेऊ नका या कारणासाठी. २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो, तासाला अर्धा जीबीच्या आसपास. दहा वर्षं जुना लॅपटॉप आठ ट्रॅक एकावेळी लिहू शकतो. जोर लागतो तो मिक्स करताना भारी रिव्हर्ब लावल्यावर, आणि तेव्हा बफर वाढवता येतोच.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. नुसतं बोलणं कापायला जोडायला ऑडासिटी. गाण्याचे थर लावायला आर्डोर, डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून फुकट येतं. रीपरची लिनक्स आवृत्ती पूर्ण आहे, ६० दिवस वापरून बघा आणि आवडलं तर लायसन्स घ्या, ते मोठ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात परवडणारं आहे. एलएसपी आणि एक्स४२ चे प्लगिन, ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब, एवढ्यात गाणं पूर्ण होतं. विंडोजचेच प्लगिन हवे असतील तर याब्रिज आहे, तो वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो, पण त्यात घुसलात की रेकॉर्डिंग राहतं बाजूला आणि वाइनच चालवत बसाल.

लेव्हल ठेवताना लाल दिव्याच्या जवळ जाऊ नका. २४ बिटमध्ये तळाशी एवढी जागा असते की सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलला, फार तर उणे १० ला पोचला तरी भरपूर आहे, नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज मात्र परत जुळत नाही. १६ बिटच्या डबीत थोडं वर ठेवा.

आणि चार्जर लावल्यावर हेडफोनमध्ये गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर बघा. थांबली तर डबीत दोष नाही, अर्थिंगचा लोच्या आहे, टेक घेताना बॅटरीवर चालवा. माइकची वायर एक्सएलआर ते एक्सएलआरच हवी, एका बाजूला जॅक असलेली नको, त्यात बॅलन्सिंगही जातं आणि फँटमही मिळत नाही.

खरेदीचा क्रम विचाराल तर दोन इनपुटची साधी डबी, एक माइक, वायरचे बंद हेडफोन, स्टँड आणि पॉप फिल्टर (प, फ म्हणताना येणारी फुंकर अडवणारी जाळी). स्टँड स्वस्तातला चालतो पण अगदी डुलणारा नको. यात सेकंडहँड घ्यायचं झालं तर डायनॅमिक माइक आणि इंटरफेस बिनधास्त घ्या, कंडेन्सर जपून कारण ओलाव्याने खराब झालेला बाहेरून कळत नाही. फायरवायरचे जुने इंटरफेस फार स्वस्त मिळतात आणि मोहात पाडतात, आठ आठ इनपुट असतात, पण नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही, आणि लिनक्सच्या बाजूनेही तो सपोर्ट २०२९ पर्यंतच सांभाळायचं ठरलंय, सोडा.

सेकंडहँड डबी घ्यायला जाताना तुमचा लॅपटॉप, स्वतःची यूएसबी वायर, माइक आणि हेडफोन घेऊन जा. टर्मिनलमध्ये एरेकॉर्डला मायनस एल देऊन कार्ड यादीत येतंय का बघा. दोन्ही इनपुट एकेक करून रेकॉर्ड करा, गेनचे नॉब सावकाश फिरवून खरखर ऐका, शक्य असेल तर फँटम लावून कंडेन्सर जोडून बघा कारण बिघाड बहुतेक तिथेच लपलेला असतो. यूएसबीचं सॉकेट हलकेच हलवा, सैल असेल आणि कार्ड यादीतून गायब होत असेल तर कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. आणि फर्मवेअर अपडेट बाकी असेल तर विकणाऱ्यालाच त्याच्या विंडोज किंवा मॅकवरून करून द्यायला सांगा, कारण बहुतेक कंपन्यांचं अपडेटचं सॉफ्टवेअर लिनक्सवर नसतं आणि नंतर कोणाचा तरी कॉम्प्युटर मागत फिरावं लागतं.